लहान मुलांबरोबर घरी काय करावे, आणि किती कमी करावे

घरी अडीच वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी असलेल्या एका वडिलांनी पुढील प्रश्न विचारला आहे. आई-वडील दोघेही नोकरी करतात. संध्याकाळी मुलांबरोबर मिळणारा तासाभराचा वेळ सर्जनशील कृतींत जावा म्हणून वडील चित्रफिती पाहून साहित्य आणतात आणि करायच्या वस्तूचा नमुनाही आधी तयार करून ठेवतात. मात्र मुलगा पाच मिनिटांत उठून जातो, मुलगी ‘मला नाही येत, बाबा, तूच काढून दे’ म्हणते, घरभर पसारा होतो आणि शेवटी थकून टीव्ही लावला जातो. कोणत्या कृती घ्याव्यात, पूर्ण करण्यासाठी बक्षीस लावावे का, आणि आईच्या कामाच्या पाळ्यांमुळे तिला काही दिवशी जेमतेम पाव तासच मिळतो त्याचे काय करावे, असे त्यांना विचारायचे आहे.

लहान मुलांच्या गटांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, घरातल्या अशा संध्याकाळी फसतात त्या बहुधा कृती चुकीची निवडल्यामुळे फसत नाहीत. मोठ्यांनी आधीच इतके काम करून ठेवलेले असते की मुलाला करण्यासारखे फारसे उरत नाही, हे त्याचे खरे कारण असते. कल्पना तुमची, साहित्याची निवड तुमची, क्रम तुमचा आणि शेवटी ती वस्तू कशी दिसावी हेही तुमच्याच मनात ठरलेले. मग मुलाकडे फक्त सांगितलेल्या जागी चिकटवण्याचे काम येते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की तयार नमुना मुलांसमोर ठेवणे पूर्णपणे थांबवा. नमुना समोर आला की पाच वर्षांच्या मुलीपुढे ‘तसेच करणे’ एवढा एकच उद्देश राहतो आणि आपल्या हातून तसे होत नाही हे तिला लगेच दिसते. अडीच वर्षांच्या मुलाला तर नमुन्याशी काही देणेघेणेच नसते. त्याला डिंकाचा स्पर्श हवा असतो, कागद फाटताना होणारा आवाज हवा असतो, आणि त्या दोन्ही गोष्टींपासून आपण त्याला अडवत बसतो.

मुलीच्या ‘मला नाही येत’ या वाक्याकडे आधी वळतो, कारण ते गंभीरपणे घ्यायला हवे. मुलांच्या चित्रकलेचा प्रवास बहुतेक ठिकाणी सारख्याच वाटेने होतो. साधारण दीड वर्षाच्या आसपास मूल कागदावर रेघोट्या ओढू लागते आणि त्या वेळी हात हलवल्याने खूण उमटते याचाच त्याला आनंद असतो. तीन वर्षांच्या सुमारास रेघ फिरून स्वतःला येऊन मिळते, म्हणजे बंद वर्तुळ तयार होते. मग त्या वर्तुळाला डोळे येतात, त्यातूनच थेट पाय फुटतात आणि धड नसलेला तो सुप्रसिद्ध माणूस कागदावर अवतरतो. पाच ते सात या वयात जमिनीची एक रेषा येते, तिच्यावर घर, झाड, माणसे उभी राहतात आणि वर आकाशाची पट्टी रंगवली जाते. प्रत्येक मुलाचे वय थोडे मागेपुढे असते, परंतु कोणताही टप्पा मोठ्यांनी हात धरून गिरवून घेतल्याने लवकर येत नाही. पाच वर्षांचे मूल आता आपले चित्र इतरांच्या चित्राशी ताडून पाहू लागलेले असते. त्याच वेळी घरातले मोठे माणूस सफाईदार मांजर काढून देते तेव्हा मदत होत नाही. मांजर ‘असेच’ असते आणि ते आपल्याला जमणार नाही, एवढेच तिच्या मनात पक्के होते.

तेव्हा तिने मांजर काढून मागितले तर ते काढून देऊ नका, पण ‘तुझे तूच काढ’ असे म्हणून तिला एकटीही सोडू नका. तिच्या शेजारी बसा आणि चित्राबद्दल न बोलता मांजराबद्दल बोला. त्याचे कान टोकदार असतात की गोल, शेपूट पाठीला कुठे जुळते, बसलेले असताना पुढचे पाय कुठे जातात, अंगावर पट्टे असतील तर ते आडवे की उभे, असे विचारत गेलात की ती आठवू लागते, मग स्वतः ओणवी होऊन मांजर बनून पाहते आणि बहुतेक वेळा बोलता बोलताच खडू हातात घेते. तुम्हाला स्वतःलाही काही करायचे असेल तर जरूर करा, मात्र ओळखू येणारे चित्र काढू नका. दोन रंग एकमेकांत मिसळून किती छटा निघतात ते पाहा, किंवा खरबरीत वस्तूवर कागद ठेवून वरून मेणखडू घासत राहा. मोठे माणूस मनापासून काहीतरी करून पाहत आहे आणि ते बिघडले तरी अस्वस्थ होत नाही, हे दृश्य तिच्यासाठी कोणत्याही समजावण्यापेक्षा मोलाचे आहे.

चित्र झाल्यावर काय बोलायचे, हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. ‘वा, किती छान’ म्हणण्यात दोष नाही, परंतु प्रत्येक कागदाला तेच शब्द मिळू लागले की मुलांना त्यातला पोकळपणा कळतो. जे दिसते ते सांगा: ‘या कोपऱ्यात तू निळ्यावर पिवळा लावलास आणि तिथे हिरवे झाले,’ किंवा ‘ही रेघ कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आहे.’ अशा बोलण्यातून आपले काम कोणीतरी नीट पाहिले हे मुलाला समजते. ‘हे काय आहे?’ असे विचारणे, विशेषतः धाकट्याला, टाळलेले बरे, कारण त्याच्या रेघोट्या अजून कशाचेही चित्र नसतात आणि त्याला उगाच उत्तर शोधावे लागते. आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते: मुलाच्या चित्रावर त्याला न विचारता नाव किंवा तारीख लिहू नका. लिहायचेच असेल तर मागच्या बाजूला लिहा.

बक्षिसाबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे आणि त्याला आधारही आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, आधीपासूनच स्केचपेनने चित्रे काढण्याची आवड असलेली मुले त्यांनी निवडली. त्यांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर तेच प्रशस्तिपत्र दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच स्केचपेन ठेवले तेव्हा, आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना अचानक प्रशस्तिपत्र मिळाले त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. याचा अर्थ कौतुकाने नुकसान होते असा नाही. जे मूल स्वतःच्या ओढीने करत होते त्याला आपण मोबदल्याचा करार दिला की ते काम मोबदल्यासाठीचे होऊन बसते, असा त्याचा अर्थ आहे. दात घासणे किंवा औषध घेणे अशा नावडत्या गोष्टींसाठी कोणी चिकटचित्रांचा तक्ता लावला तर मी त्याला इतका विरोध करणार नाही. चित्र, खेळ आणि गोष्टी यांना मात्र त्यापासून दूर ठेवावे.

आता धाकट्याकडे येतो. अडीच वर्षांच्या मुलाने एका कृतीत पाच मिनिटे घालवली तर ती कमी नाहीत. या वयात मोठ्यांनी ठरवून दिलेल्या कामात लक्ष एवढेच टिकते. तेच मूल नळाखाली पेल्यातून पेल्यात पाणी ओतताना मात्र वीस मिनिटेही हलत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. म्हणजे लक्ष देण्याची क्षमता त्याच्याजवळ आहे, फक्त तिचा विषय त्याने निवडायला हवा. साहित्य जितके कमी तितके हे सोपे जाते. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले. खेळणी ४ असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक वेगवेगळ्या पद्धतींनी खेळली. घरातली निम्मी खेळणी एका खोक्यात भरून नजरेआड ठेवावीत आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करावी, असे मी जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला सुचवतो. त्यासाठी नवे काहीही विकत आणावे लागत नाही.

दोघांनी मिळून एकच वस्तू करावी, ही अपेक्षाही सध्या बाजूला ठेवा. समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या सामूहिक खेळाचे जे वर्गीकरण मांडले, त्यात एकट्याने खेळणे, दुसऱ्याचा खेळ पाहत राहणे, शेजारी बसून आपापले खेळणे आणि मग हळूहळू एकत्र, कामे वाटून खेळणे असे प्रकार आहेत. तुमचा मुलगा बहुधा शेजारी बसून आपापले खेळण्याच्या टप्प्यावर आहे आणि मुलगी सहकार्याच्या खेळाकडे निघालेली आहे. तिला ‘लहान आहे तो, त्यालाही घे’ असे म्हणून तिची रचना त्याच्या हाती देणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. तिचे काम टेबलावर आणि त्याचे जमिनीवर, एवढी उंचीची सोय केली तरी निम्मी भांडणे टळतात. सारखेच साहित्य दोघांना वेगवेगळे द्यावे. त्यातून तो तिचे पाहून शिकेल आणि तिला मोडतोडीची धास्ती राहणार नाही.

साहित्य कोणते, याचे माझे उत्तर थोडे कंटाळवाणे वाटेल: तेच ते, पुन्हा पुन्हा. रोज नवी कृती शोधण्याची गरज मुलांना नसते, ती आपल्याला वाटते. पीठ-मिठाचा गोळा घ्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल आणि हळूहळू घालत पाऊण ते एक वाटी पाणी एवढ्यात उत्तम मऊ गोळा मळून होतो आणि हवाबंद डब्यात काही दिवस टिकतो. चिकट झाला तर थोडे पीठ भुरभुरावे. मळण्याचे कामच मुलांकडे द्या, कारण कोरडे पीठ हाताखाली बदलत जाते हा त्यातला सर्वांत सुंदर भाग असतो आणि नेमका तोच आपण आधी उरकून ठेवतो. पहिले काही दिवस साचे आणि कटर देऊ नका. नुसते बोटांनी दाबणे, लांब वळी करणे, तुकडे तोडणे आणि पुन्हा जोडणे यात हाताच्या त्याच लहान स्नायूंचा सराव होतो, ज्यांच्यावर पुढे पेन्सिल धरणे अवलंबून असते. गोळ्यात मीठ भरपूर असते आणि पीठ कच्चे असते, म्हणून तो खाण्यासाठी नाही हे धाकट्याला प्रत्येक वेळी सांगा आणि त्याच्याजवळ बसा. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर गोळा त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. इतके मीठ त्यांना घातक ठरते.

दुसरे साहित्य म्हणजे लाकडी ठोकळे. बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये ठोकळ्यांच्या खेळाचे टप्पे नोंदवले आणि आजही मुलांचे निरीक्षण करताना ते जसेच्या तसे दिसतात. सुरुवातीला मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून नेते. मग रांगा आणि मनोरे येतात. नंतर दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल होतो. पुढे चारी बाजूंनी बंद जागा, मग नक्षी, मग त्या रचनेला नाव देणे आणि शेवटी पाहिलेल्या इमारती किंवा रस्ते उभारणे. हा क्रम ठाऊक असला की धाकटा ठोकळे टोपलीत भरून पुन्हा ओततो तेव्हा ‘याला काही करता येत नाही’ असे वाटत नाही. तो त्याच्या टप्प्याचेच काम करत असतो. मुलीची रचना झोपण्याच्या वेळेपर्यंत पूर्ण झाली नसेल तर शक्य असल्यास ती तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचे काम पुढे नेता येणे हा अनुभव घरी देता येतो आणि वर्गात क्वचितच मिळतो.

यापलीकडे मोठी पुठ्ठ्याची खोकी, जुनी चादर, कपड्यांचे चिमटे, कागदी चिकटपट्टी, रिकाम्या कागदी नळ्या आणि भरपूर कोरा कागद एवढे पुरेसे आहे. या वस्तूंचा उपयोग आधी ठरलेला नसतो, म्हणूनच त्या मला आवडतात. खोक्यात बसलेले मूल तासाभरात बस, गुहा आणि दवाखाना अशा तीन ठिकाणी जाऊन येते आणि हा लुटुपुटूचा खेळ भाषेसाठी कोणत्याही शिकवणीहून अधिक काम करतो. त्यात तुम्हाला भूमिका मिळाली तर ती घ्या, पण सूत्रे हाती घेऊ नका. रोगी केले असेल तर रोगीच राहा आणि डॉक्टरांना औषध सुचवू नका.

सुरक्षिततेबाबत मात्र ढिलाई नको. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती, सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावेल एवढी कोणतीही वस्तू देऊ नये. मणी, बटणे, गोट्या मुलीच्या कामात लागत असतील तर ते काम धाकटा झोपल्यावर करावे. बटणाच्या आकाराचे सेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक दोघांच्याही आवाक्याबाहेर असावेत, कारण गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकते. तशी शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. टबात किंवा बादलीत पाणी कितीही कमी असले तरी मुलाला तेथे एकटे सोडू नये आणि खेळ संपताच ते ओतून टाकावे.

पसारा पूर्णपणे टाळता येत नाही, पण त्याला हद्द घालता येते. एक जुनी चादर ठरवून घ्या आणि चादरीवर सर्व काही चालेल, चादरीबाहेर नाही, हा एकच नियम ठेवा. रंग एका वेळी दोनच द्या. कागद चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. ब्रश आखूड आणि जाड दांड्याचा असू द्या. रंग नको असेल त्या दिवशी नुसते पाणी आणि ब्रश देऊन फरशी किंवा फळा रंगवू द्या. ओल्या रेघा वाळून नाहीशा होताना पाहणे धाकट्याला फार आवडेल. आवरण्यासाठी शेवटची दहा मिनिटे आधीच राखून ठेवा आणि त्यातही मुलांना खरे काम द्या: एकाने ठोकळे टोपलीत टाकायचे, दुसरीने ब्रश धुवायचे. तुम्ही एकट्याने रात्री आवरत बसाल तर तुमचा वैताग वाढेल आणि आठवड्याभरात चादर पुन्हा कपाटात जाईल.

टीव्हीबद्दल तुमच्या मनात अपराधीपणा दिसतो. तो बाळगण्यापेक्षा मर्यादा ठरवणे उपयोगाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत असावा आणि त्याहून कमी असल्यास अधिक चांगले. तो वेळ आधीच ठरलेला असेल तर टीव्ही फसलेल्या संध्याकाळचा शेवट ठरत नाही. मूल ‘कंटाळा आला’ म्हणून येते तेव्हा लगेच काही सुचवू नका. त्याला जवळ बसू द्या, आपले काम चालू ठेवा आणि थोडा वेळ जाऊ द्या. त्या रिकाम्या वेळातूनच मुलांचे स्वतःचे खेळ निघतात, असे मी सतत पाहतो.

शिवाय कृतींसाठी बाजूला काढलेला वेळ म्हणजेच कुटुंबाचा वेळ, असे समजू नका. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, भाजी निवडणे, झाडांना पाणी घालणे यांत मुले मनापासून सहभागी होतात, कारण ही कामे खरी आहेत हे त्यांना कळते. तुमच्या गतीने ती होणार नाहीत. तिप्पट वेळ लागेल असे धरूनच सुरुवात करा आणि घाई असलेल्या दिवशी बोलावूच नका.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. धाकटा नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नसेल, किंवा बाहुलीला भरवणे, फोनवर बोलल्याचा आव आणणे असा लुटुपुटूचा खेळ अजिबात खेळत नसेल, तर तो केवळ चंचल आहे असे समजून न थांबता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तुमच्या वर्णनात मला असे काही आढळले नाही.

आता आईच्या पाव तासाविषयी. हा वेळ पुरेसा आहे, अट एवढीच की तो दर वेळी तसाच असावा आणि त्यात फोन नसावा. नवी कृती या वेळी सुरू करू नये, कारण झोपेला आलेली मुले ती पेलू शकत नाहीत. चित्रांचे पुस्तक सर्वांत योग्य. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, पालकांनी नुसते वाचून दाखवण्याऐवजी ‘हा काय करतोय?’, ‘आता कुठे जाईल?’ असे खुले प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तराला थोडे वाढवून परत दिले, तर महिनाभरातच दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात लक्षणीय प्रगती होते. मुलगा ‘कुत्रा!’ म्हणाला की आईने ‘हो, ओला झालेला कुत्रा’ म्हणावे आणि पुढे त्याला बोलू द्यावे. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. एवढी शांतता मोठ्यांना अवघड जाते, पण मुलांना शब्द शोधायला तेवढा वेळ लागतोच. तेच पुस्तक सलग आठवडाभर मागितले गेले तर तेच वाचावे. आणि ज्या दिवशी आई पोचेपर्यंत मुले झोपलेली असतील, त्या दिवशी मुलीला निजण्यापूर्वी विचारून ठेवा की आईला दाखवण्यासाठी आजचे कोणते काम बाहेर ठेवायचे. आईने ते रात्री पाहावे आणि सकाळी त्यातल्या एखाद्या नेमक्या रेघेबद्दल किंवा रंगाबद्दल तिच्याशी बोलावे.